बेट ठरलं, आता राहायचं कुठे, जेवायचं काय?

उष्ण कटिबंधातल्या बेटांवर सुट्टी घालवायला निघालेल्या वाचकांचे प्रश्न यावेळी बरेच आले. एकाच विषयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आम्ही निवडलेल्या हॉटेलचे फोटो फार सुंदर आहेत, निळंशार, शांत पाणी. पण तिथेच राहून आलेले ओळखीचे लोक सांगतात की आठही दिवस समुद्र खवळलेला आणि गढूळ होता. खरं काय मानायचं?

दोन्ही खरं असू शकतं. फोटो एका ऋतूतले असतील आणि ते लोक दुसऱ्या ऋतूत गेले असतील. म्हणून हॉटेल शोधण्याआधी बेटाची बाजू ठरवा. बाजू चुकली तर कितीही महागडं हॉटेल ती चूक भरून काढू शकत नाही.

उष्ण कटिबंधात वर्षाचा बराच काळ व्यापारी वारे वाहतात. विषुववृत्ताच्या उत्तरेला ते ईशान्येकडून येतात, दक्षिणेला आग्नेयेकडून. त्यामुळे बेटाच्या पूर्व अंगाला वारा, लाटा आणि पाऊस जास्त. मध्ये डोंगर असेल तर ढग तिथेच रिकामे होतात आणि पश्चिम बाजू कोरडी राहते. हवाईच्या बिग आयलंडवर पूर्वेकडच्या हिलो गावात वर्षाला तीन मीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच बेटाच्या पश्चिमेला कोहालाच्या किनाऱ्यावर जेमतेम त्याच्या दहाव्या हिश्शाइतका. मोटारीने हे अंतर दीड-दोन तासांचं. बार्बाडोसच्या पश्चिम किनाऱ्यावर लहान मुलं डुंबतात, आणि पूर्वेच्या बाथशेबाला अटलांटिकच्या लाटा इतक्या दणकट असतात की तिथे लोक लाटांवर स्वार व्हायला जातात, पोहायला नाही.

जिथे मोसमी वारे चालतात तिथे बाजू ऋतूप्रमाणे बदलते. श्रीलंकेचा नैऋत्य किनारा मे ते सप्टेंबर भिजलेला असतो, आणि नेमक्या त्याच महिन्यांत पूर्वेकडचं त्रिंकोमाली, पासीकुडा कोरडं आणि शांत असतं. डिसेंबर ते मार्च याच्या उलट. थायलंडमध्ये फुकेतचा पावसाळा मे ते ऑक्टोबर, तर कोह सामुईला सगळ्यात जोराचा पाऊस नोव्हेंबरच्या सुमाराला. बालीच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे कुटा-जिंबारानच्या पट्ट्यात, डिसेंबर ते मार्चच्या वाऱ्यांनी समुद्रातला कचरा येऊन पडतो. तेव्हा पूर्वेकडचं सानुर बरं. मॉरिशसमध्ये जून ते ऑगस्ट पूर्व किनाऱ्यावर वारा बोचरा असतो, म्हणून उत्तर किंवा पश्चिम घ्यावी. उन्हाळ्यात मात्र पूर्वेची तीच झुळूक हवीशी वाटते.

कॅरिबियनला जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. २०११ पासून तिथे सरगॅसम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ मोठ्या प्रमाणात वाहून येतं, बहुतेक करून वसंत ऋतूपासून उन्हाळा संपेपर्यंत, आणि तेही वाऱ्याकडच्या पूर्व-दक्षिण किनाऱ्यांवर. साचून कुजलं की त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. समुद्राला लागून असलेल्या खोलीचं भाडं भरून खिडक्या बंद ठेवून बसायची वेळ येते. पश्चिम किनारे यातून बरेचसे सुटतात. अटलांटिकची वादळं १ जून ते ३० नोव्हेंबर, जोर सप्टेंबरच्या मध्यावर. अरुबा, बोनेर, कुरासाव ही बेटं त्या पट्ट्याच्या दक्षिणेला असल्याने तिथे वादळ क्वचितच पोचतं. दक्षिण पॅसिफिक आणि नैऋत्य हिंदी महासागरात चक्रीवादळांचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल.

स्वतः खात्री करून घ्यायची तर दोन गोष्टी करा. हॉटेलने टाकलेले फोटो सोडून द्या आणि पाहुण्यांनी टाकलेले, तुम्ही जाणार त्याच महिन्यातले फोटो काढून बघा. मग उपग्रहाच्या नकाशावर तो किनारा मोठा करून पाहा. किनाऱ्यापासून दूर पांढऱ्या फेसाची रेघ दिसली तर तिथे प्रवाळाची भिंत आहे आणि लाटा तिथेच फुटतात. आतलं पाणी शांत. गडद निळा रंग थेट वाळूला टेकलेला असेल तर किनारा एकदम खोल होतो आणि लाट अंगावर येते. मधला पट्टा तपकिरी-हिरवा ठिपक्याठिपक्यांचा असेल तर तळाशी प्रवाळ किंवा समुद्री गवत आहे. तिथे अनवाणी उतरू नये, रबरी तळव्याचे पाण्यातले बूट लागतात.

प्रश्न : झांझिबारला पूर्व किनाऱ्यावर राहावं की उत्तरेला? पूर्वेकडे समुद्र "निघून जातो" असं ऐकलं, म्हणजे नेमकं काय होतं?

अक्षरशः निघून जातो. पाजे, जांबियानीचा तळ फार उथळ आहे, आणि उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास जातो. ओहोटीला पाणी प्रवाळाच्या भिंतीपर्यंत मागे सरतं. मध्ये उरतात ओली वाळू, डबकी, काळे काटेरी सी अर्चिन आणि बायकांनी लावलेली समुद्री शेवाळाची शेती. बघायला अपूर्व, पोहायला शून्य. उत्तरेच्या नुंगवी-केंडवाला किनारा लवकर खोल होतो, तिथे जवळजवळ कोणत्याही वेळी पोहता येतं. मुलांचा मुख्य कार्यक्रम पाण्यात असेल तर उत्तर. वारा, पतंगाचं सर्फिंग, लांबलांब चालणं आणि थोडी शांतता हवी असेल तर पूर्व.

पूर्वच आवडत असेल तर तारखा चंद्र बघून धरा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. भांगाच्या दिवसांत पाणी तेवढं मागे जात नाही. भरती आणि ओहोटी यांत साधारण सव्वासहा तासांचं अंतर, आणि वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. फारसं न सांगितलं जाणारं म्हणजे, एका ठिकाणी उधाणाची ओहोटी दर पंधरवड्याला घड्याळाच्या साधारण त्याच सुमाराला येते. म्हणून हॉटेलला "भरती कधी असते" असं मोघम विचारू नका. तुमच्या तारखांचं भरती-ओहोटीचं कोष्टक मागवा आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच यांत पाणी किती तास मिळतं ते मोजा.

प्रश्न : सत्तरीचे आई-वडील आणि पाच वर्षांची मुलगी बरोबर आहेत. सहा रात्री. रिसॉर्ट, गेस्टहाउस की स्वयंपाकघर असलेलं घर?

आमचं मत स्वयंपाकघर असलेल्या घराकडे झुकतं, पण एका अटीवर: किराणा, औषधाचं दुकान आणि दवाखाना वीस मिनिटांत गाठता आला पाहिजे. लहान मुलाला भूक वेळेवर लागत नाही आणि वडीलधाऱ्यांना रात्री नऊचं जेवण सोसत नाही. मऊ भात आणि गरम पाणी हाताशी असलं की अर्धी सुट्टी सुखाची होते. सहा रात्रींत जागा बदलू नका. सामान भरणं, होडी, पुन्हा खोली ताब्यात घेणं यात एक आख्खा दिवस जातो. बिग आयलंडसारखं मोठं बेट असेल तरच दोन ठिकाणी विभागणी करावी.

पाण्यावर उभारलेल्या कुटीचा मोह पाच वर्षांच्या मुलीसाठी टाळा. अनेक कुट्यांना डेकवर कठडा नसतो आणि शिडी थेट खोल पाण्यात उतरते. कित्येक रिसॉर्ट अशा कुटीसाठी वयाची अटच घालतात.

पैसे भरण्याआधी लेखी उत्तरं मागा. पहिला प्रश्न पाण्याचा. लहान, सखल बेटांवर गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. विहिरीतून उपसा वाढला की खालचं खारं पाणी वर चढतं. म्हणून विचारा : न्हाणीघरात गोडं पाणी आहे की मचूळ? मचूळ पाण्यात साबणाला फेस येत नाही, केस चिकट होतात, आणि त्वचा नाजूक असेल तर तिसऱ्या दिवशी खाज सुटते. समुद्राचं पाणी गोडं करून पुरवत असतील तर उत्तम, पण ते प्यायचं की नाही हे साठवणीच्या टाकीवर ठरतं. नळाचं पाणी पिण्यालायक आहे असं ठामपणे सांगितलं नाही, तर दर माणशी रोज तीन लिटर पिण्याचं पाणी धरून चला.

दुसरा प्रश्न विजेचा. जनरेटर चोवीस तास चालतो की ठरावीक वेळ, आणि तुमच्या खोलीपासून किती लांब आहे? "वीज २४ तास" म्हणजे वातानुकूलनही २४ तास, असं नव्हे.

होडीतून उतरायचं कसं, हेही विचारायला लोक विसरतात. धक्का आहे की गुडघाभर पाण्यात उतरून चालत जायचं? गुडघे दुखणाऱ्या माणसाला हलत्या होडीतून पाण्यात पाय टाकणं जड जातं.

खोलीची जागा पण सांगून घ्या. समुद्रापासून दुसरी ओळ, पहिला मजला, पूर्वेला तोंड. पश्चिमेला तोंड असलेल्या खोलीतून सूर्यास्त छान दिसतो, पण दुपारी दोनपासून भिंत तापायला लागते आणि रात्री दहापर्यंत ती उष्णता सोडत राहते. तळमजल्यावर ओल आणि डास जास्त. "समुद्रदर्शन" या शब्दावर विसंबू नका. अंशतः दर्शन म्हणजे दोन इमारतींच्या मधली निळी फट असू शकते. खोली क्रमांकासह बाल्कनीतून काढलेला फोटो मागितला तर चांगली हॉटेलं पाठवतात.

जवळ खारफुटी असेल तर संध्याकाळी पाच ते सात वाळूवर बसताना बारीक चावऱ्या माश्या येतात. त्या इतक्या लहान असतात की साध्या मच्छरदाणीतून आत शिरतात. पंख्याच्या वाऱ्यात त्यांना टिकता येत नाही, म्हणून छताला पंखा असलेली खोली घ्या. डेंग्यू पसरवणारा डास मात्र दिवसा चावतो. मुलीच्या पायांना औषध सकाळीही लावायचं.

प्रश्न : मालदीवच्या रिसॉर्टच्या दरापुढे दोन अधिक चिन्हं आहेत. शेवटी बिल किती होणार? आणि हाफ बोर्ड पुरतो का?

त्या दोन चिन्हांचा अर्थ सेवाशुल्क आणि कर वेगळे. समजा खोली रात्रीला १०० डॉलर आहे. त्यावर १० टक्के सेवाशुल्क, झाले ११०. पर्यटन जीएसटी जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे आणि तो ११० वर लागतो, म्हणजे १८.७०. झाले १२८.७०. त्यात हरित कर : १ जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये दर माणशी दर रात्री १२ डॉलर, म्हणजे दोघांचे २४. एकूण १५२.७०. शंभर समजून गेलात तर दीडपट मोजावे लागतात. जेवण, पेयं, सहली यांच्या दरांपुढेही हीच दोन चिन्हं असतात, ते विसरू नका. पन्नासहून कमी खोल्यांच्या गेस्टहाउसला हरित कर ६ डॉलर आहे.

हाफ बोर्ड म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण. शहरात तो सोयीचा, कारण दुपारी बाहेर कुठेही खाता येतं. एका रिसॉर्टच्या बेटावर मात्र बाहेर काहीच नसतं. दुपारचं जेवण त्यांच्याच यादीतून, त्यांच्याच दरात. शिवाय हाफ बोर्डमध्ये रात्रीच्या जेवणासोबतचं बाटलीबंद पाणीसुद्धा अनेकदा वेगळं लावतात. आठवड्याच्या मुक्कामाला फुल बोर्ड, म्हणजे दुपारच्या जेवणासकट, घ्या आणि त्यात पाणी, चहा, कॉफी धरली आहे का ते लिहून घ्या. सगळं समाविष्ट असलेली योजना तुम्ही रोज दोन-तीन मद्यपेयं घेणार असाल तरच परवडते.

खर्च खूपच वाटला तर लोकवस्तीच्या बेटांवरची गेस्टहाउस बघा. साधारण २००९ पासून त्यांना परवानगी आहे. तिथे दारू मिळत नाही, आणि पोहण्याच्या तोकड्या कपड्यांसाठी वेगळा राखीव किनारा असतो. गावात खांदे आणि गुडघे झाकून वावरायचं. रमजानमध्ये दिवसा खाणावळी बंद असतात, तेव्हा दुपारच्या जेवणाची सोय गेस्टहाउसला आधी सांगून ठेवा.

विमानतळावरून रिसॉर्टला नेणारं सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. दुपारी साडेतीनच्या पुढे उतरणारं विमान घेतलंत तर ती रात्र बहुधा विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावर काढावी लागेल, आणि रिसॉर्टची पहिली रात्र पैसे भरून रिकामी जाईल. स्वस्त तिकिटाच्या नादात ही चूक फार जण करतात.

प्रश्न : बेटावर मासे मनसोक्त खायचे आहेत. ताजा मासा म्हणजे सुरक्षित ना?

नाही, आणि हे नीट समजून घ्या. ताजेपणाशी काहीही संबंध नसलेलं एक विष प्रवाळात राहणाऱ्या माशांत असू शकतं. त्यातून होणाऱ्या विषबाधेचं नाव सिग्वाटेरा. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ चढतं, त्यावर गॅम्बिअरडिस्कस नावाचे सूक्ष्म जीव वाढतात. शेवाळ चरणारे मासे ते खातात, त्यांना मोठे मासे खातात, आणि दर पायरीला विष साठत जातं. त्यामुळे धोका सर्वांत जास्त मोठ्या शिकारी माशांत : बॅराकुडा, मोरे ईल, मोठा हेकरू म्हणजे ग्रूपर, मोठी तांबोशी, अंबरजॅक. कॅरिबियन, पॅसिफिक आणि हिंदी महासागर, तिन्हीकडे हे आढळतं. शिजवून, तळून, गोठवून, लिंबात मुरवून ते जात नाही. वास नाही, चव नाही.

काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. पाठोपाठ ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, आणि थंड पाणी हाताला भाजल्यासारखं लागतं. ही थंड-गरमची उलटापालट झाली की लगेच डॉक्टर गाठा आणि कोणता मासा खाल्ला ते सांगा. यावर उतारा नाही, उपचार लक्षणांवर होतात. पुढे काही महिने मासे, मद्य आणि बदाम-काजूसारखा सुका मेवा टाळावा. त्याने त्रास उलटतो.

बचाव सोपा आहे. बॅराकुडा खाऊच नका. प्रवाळातला तीन किलोच्या वरचा मासा घेऊ नका. कोणत्याही प्रवाळी माशाचं डोकं, काळीज, गाबोळी बाजूला ठेवा, कारण विष तिथे जास्त साठतं. लहान मासा अगदी निर्धोक असतो असंही नाही, म्हणून स्थानिक कोळी स्वतःच्या घरी कोणत्या बाजूचा मासा नेत नाहीत हे विचारा. खुल्या समुद्रातले टुना, स्किपजॅक, माही-माही यांना हा धोका जवळजवळ नाही.

त्यांचा धोका वेगळा, बर्फाचा. टुना, बांगडा, माही-माही पकडल्यावर लगेच गार केले नाहीत तर त्यांच्या मांसात हिस्टामाइन तयार होतं, आणि तेही शिजवून जात नाही. खाल्ल्यावर दहा मिनिटं ते तासाभरात चेहरा लालबुंद, डोकं ठणकतं, छाती धडधडते. घास तोंडात असतानाच जिभेला मिरी चावल्यासारखी चुणचुण लागली तर ताट बाजूला सारा. शिजलेल्या टुनाचा तुकडा मोडला आणि आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं दिसली, तरी तो खाऊ नका. ॲलर्जीवर देतात त्या गोळीने बहुतेकदा उतार पडतो. श्वास लागला तर न थांबता डॉक्टर गाठा. विकणाऱ्याला विचारायचं ते "आजचा आहे का" नव्हे, "होडीत बर्फ होता का".

किनाऱ्यावर वजनावर मासा भाजून देतात, जिंबारानला तर रांगेने. तिथे फसगत होते ती तीन जागी. दर किलोचा की शंभर ग्रॅमचा, वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, आणि भाजणावळ वेगळी का. आख्ख्या माशात खाण्याजोगं मांस निम्म्याहून कमी निघतं. ८०० ग्रॅमच्या माशातून साधारण साडेतीनशे ग्रॅम. दोघांना तेवढा बस होतो. मासा तुमच्यासमोर काट्यावर ठेवायला लावा, आकडा कागदावर लिहून घ्या, आणि मगच तो निखाऱ्याकडे जाऊ द्या. कल्ले लाल आणि ओलसर, डोळा फुगीर, पोट बोटाने दाबलं तर खड्डा न राहणारं. शेवंड म्हणजे लॉब्स्टर घेताना पोटाखाली अंड्यांचा झुपका दिसला तर परत करा. बहामात १ एप्रिल ते ३१ जुलै शेवंड पकडायला बंदी असते. त्या काळात ताटात आलेली एकतर गोठवलेली किंवा चोरून पकडलेली.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. "भाजीची आमटी" मागवली तरी माशाचा वास येतो. काय करावं?

वास खरा आहे. बेटांवर मासळी मसाल्यासारखी वापरतात, आणि बनवणाऱ्याच्या लेखी तो पदार्थ भाजीचाच असतो. श्रीलंकेत पोल सांबोल म्हणजे नारळाची चटणी, तिच्यात सुकवलेल्या टुनाचा चुरा असतो. त्याला उंबलकड म्हणतात आणि तो डाळीतही पडतो. थायलंडमध्ये नाम प्ला म्हणजे माशाचं पाणी आणि कापी म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा, जवळजवळ प्रत्येक रश्शात. इंडोनेशियात तोच गोळा तेरासी. मालदीवचा नेहमीचा नाश्ता मास हुनी हा टुना आणि खोबऱ्याचा. कॅरिबियनमध्ये घेवड्याचा भात आणि कलालू या पालेभाजीत खारवलेलं मांस किंवा खेकडा असू शकतो.

म्हणून "शाकाहारी" हा शब्द पुरत नाही, नको असलेल्या वस्तूचं नाव घ्या. इंडोनेशियात "तान्पा तेरासी", श्रीलंकेत "उंबलकड नको". थायलंडमध्ये पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत "जे" लिहिलेली खाणावळ शोधा. तिथे मांस-मासे-अंडी नाहीतच, लसूण-कांदाही नसतो. चटण्या आधीच वाटून ठेवलेल्या असतात, त्यामुळे ऐन वेळी "घालू नका" म्हणून उपयोग नाही. ताजं परतून करायचे पदार्थ मागवा.

पोट भरणारं मात्र भरपूर आहे. मॉरिशसची ढॉल-पुरी, वाटलेल्या डाळीचं सारण भरलेली मऊ पोळी, सोबत घेवड्याची आमटी आणि टोमॅटोची रुगाय. त्रिनिदादचे डबल्स, छोल्यांचे. इंडोनेशियाचं तेंपे, आंबवलेल्या सोयाबीनचं. झांझिबारला नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा, तिथे माहारागे म्हणतात. सामोआत अरवीची पानं नारळाच्या दुधात भाजून पालुसामी करतात. फक्त त्यात डबाबंद गोमांस घातलेलं नाही ना, तेवढं विचारून घ्या.

प्रश्न : बर्फ आणि कापलेली फळं खावीत का?

दंडगोल, मधोमध आरपार भोक असलेला बर्फ आग्नेय आशियात कारखान्यात शुद्ध केलेल्या पाण्याचा असतो, तो बहुधा चालतो. लादी फोडून केलेला खडबडीत चुरा नको. ती लादी मासे गार ठेवायला आणतात आणि जमिनीवरून ओढत नेतात. फळ आख्खं घ्या, स्वतः कापा. कोशिंबीर फक्त गर्दीच्या ठिकाणी.

प्रश्न : पोचल्यावर पहिल्या दिवशी काहीच मिळालं नाही, सगळं बंद. असं आधी कसं कळणार?

वार आणि सण बघून. टोंगात रविवारी व्यापार कायद्यानेच बंद असतो. सामोआतही रविवारी बरंच काही बंद. बालीत न्येपीच्या, म्हणजे मौन पाळायच्या दिवशी, साधारण मार्चमध्ये, विमानतळासकट सगळं २४ तास बंद असतं आणि हॉटेलबाहेर पडता येत नाही. हॉटेलमध्ये जेवण मिळतं, पण ते आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं. लहान बेटावर मालाची होडी आठवड्यातून कोणत्या दिवशी येते तेही विचारा. भाजी, अंडी, दूध त्याच्या दुसऱ्या दिवशी घ्या. होडी येण्याच्या आदल्या दिवशी दुकानात कांदे आणि डबे एवढंच उरलेलं असतं. पहिल्या रात्रीसाठी दोन जेवणांचं कोरडं खाणं सामानात असू द्या. आणि परतीचं आंतरराष्ट्रीय विमान असेल त्याच्या आदली रात्र विमानतळ असलेल्या बेटावर काढा, कारण वारा वाढला की सर्वांत आधी शेवटची होडी रद्द होते.